डॉ. गेर्सन द कुन्हा आणि चौल-रेवदंड्याचे फिरंगी अवशेष

अलिबागेहून दक्षिणेस निघून, चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागें टाकून, रस्ता रेवदंड्याच्या जुन्या कोटांत शिरतो. या कोटाच्या दरवाजावर पोर्तुगालच्या राजाचें चिन्ह कोरलेलें आहे. त्या ढालीच्या आकाराच्या चिन्हाच्या मध्यभागीं पांच लहान आकृति फुलीच्या मांडणीनें बसविलेल्या असतात. या बाजूच्या शाळेंत संस्कृत व इतिहास शिकवीत असतां आम्ही दरवर्षीं मुलांना येथें आणीत असूं, आणि त्या पांच आकृति म्हणजे फुलाच्या पाकळ्या होत, असें बेधडक सांगत असूं. एका वर्षीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग पाकळ्यांवर ठिपके कशाला?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तें नाहीं असें कबूल करण्याऐवजीं आम्ही त्या मुलाला गप्प बसविलें. पुढें ज्यांच्या ग्रंथाच्या नादानें आम्हांस असे दगड वाचण्याची गोडी लागली, त्या डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा यांच्या कार्याचा परिचय करून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

युरोपच्या कलेचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडील वाचकाच्या मनांत रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस हीं नगरें येतात. परंतु त्या कलेचा एक फांटा सोळाव्या शतकांत कोंकणपट्टीवर येऊन पोंचला, दोन शतकें येथें नांदला आणि मग ओस पडला. त्याचे अवशेष वसईपासून कोर्लईपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर उभे असतां ते आपल्या इतिहासाच्या जमेस धरावयाचे कीं नाहींत, याचा निर्णय आपण मनाशीं अजून केलेला नाहीं. परक्यांची सत्ता गेली, तेव्हां त्यांच्या इमारतींशीं आपला संबंधही संपला, अशी सामान्य समजूत आहे. डॉ. द कुन्हा यांनीं ही समजूत खोटी ठरविली. आणि तीही नुसत्या तात्त्विक चर्चेनें नव्हे, तर जागेवर जाऊन, एकेक दगड वाचून.

त्यांचा जन्म १८४४ सालीं गोव्यांत बारदेश महालांतील हडफडें या गांवीं झाला. घरचा धर्म ख्रिस्ती, राज्य पोर्तुगीजांचें. त्यामुळें पोर्तुगीज भाषा त्यांच्या परिचयाची होती. पुढें मुंबईस व नंतर ब्रिटनमध्यें वैद्यकाचा अभ्यास करून ते मुंबईंत डॉक्टरीचा व्यवसाय करूं लागले. उपजीविका औषधांवर आणि जीव मात्र जुन्या ग्रंथांवर व नाण्यांवर, असें त्यांच्या पुढील आयुष्याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. १९०० सालीं मुंबईसच त्यांचा अंत झाला.

त्या काळच्या मुंबईंत वैद्यक आणि इतिहास यांचा असा संयोग अगदींच विरळा नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड हेही धंद्यानें वैद्य. पण लेण्यांतील लेखांच्या वाचनानें त्यांचें नांव विद्वानांत झालें. भगवानलाल इंद्रजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही मंडळीही याच पिढीच्या आगेमागें. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या सभांतून या विद्वानांचे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई, आणि मग ते शाखेच्या नियतकालिकांत छापले जात. द कुन्हा यांची व्याख्यानपीठिका हीच. तेथें त्यांनीं वर्षानुवर्षें निबंध वाचले, आणि पुढें ते शाखेचे उपाध्यक्षही झाले. इतरांचा मोठा आधार संस्कृत, प्राकृत व फारसी या भाषांवर होता. कोंकणच्या इतिहासाच्या एका मोठ्या कोठाराचें कुलूप मात्र पोर्तुगीज किल्लीनें उघडतें. ती किल्ली हातीं असलेले एतद्देशीय संशोधक तेव्हां थोडे होते. त्यांत द कुन्हा अग्रेसर.

त्यांच्या लेखनाचा विस्तार पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. १८७४ सालीं मुंबई व आसपासच्या स्थलनामांवर त्यांनीं लिहिलें. १८७५ सालीं सिंहलद्वीपांतील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अंजदीव बेटावरील निबंध आला. १८७६ सालीं चौल व वसई यांवरील ग्रंथ, १८७७ सालीं स्कंदपुराणांतर्गत म्हणून समजल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडाची छापील आवृत्ति, १८८१ सालीं कोंकणी भाषा व वाङ्मय यांवरील पुस्तक, त्याच दशकांत हिंदी-पोर्तुगीज नाण्यांवरील निबंधमाला, आणि शेवटीं १९०० सालीं मुंबईच्या मूलोत्पत्तीवरील ग्रंथ. १८७८ सालीं फ्लॉरेन्स येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेच्या वृत्तांतांत पोर्तुगीजांमधील प्राच्यविद्येच्या अभ्यासावर त्यांचा निबंध आहे. तेथील संस्कृतज्ञ आंजेलो द गुबर्नातिस यांच्याशीं त्यांचा स्नेह होता. अलीकडे फिलिपा लॉन्डेस विसेन्ते या पोर्तुगीज विदुषीनें मुंबई व फ्लॉरेन्स यांमधील या विद्यासंबंधावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. येवढ्या पसाऱ्यांत आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा तो चौल-वसईवरील ग्रंथ. तेव्हां त्याकडेच प्रथम वळूं.

या ग्रंथाची पहिली विशेष गोष्ट अशी कीं, तो फिरंग्यांपासून सुरू होत नाहीं. टॉलेमीचें सिमुल्ल, ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनांतील सेमुल्ल, कान्हेरीच्या लेखांतील चेमूल, शिलाहारांच्या ताम्रपटांतील चेमुल्य आणि अरबांचें सैमूर, हीं सारीं एकाच बंदराचीं नांवें होत, ही ओळख ज्यास नाहीं त्यास चौल म्हणजे केवळ पोर्तुगीजांचें ठाणें वाटावयाचें. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल् मसूदी येथें येऊन गेला, तेव्हां हें भरभराटलेलें व्यापारी शहर होतें. द कुन्हा यांनीं चंपावती व रेवतीक्षेत्र या स्थानिक परंपरांचीही दखल घेतली आहे. परंपरा म्हणजे इतिहास नव्हे; पण लोक आपल्या गांवास काय म्हणत आले, हीही इतिहासाची एक खूण असते, हें त्यांस ठाऊक होतें.

यानंतर फिरंगी काल येतो. १५०८ सालीं चौलच्या खाडींत मिसरच्या व दीवच्या संयुक्त आरमाराशीं लढतांना व्हाइसरॉयाचा पुत्र दों लोरेन्सु द आल्मेइद पडला. १५२१ सालीं बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें रेवदंड्यास पोर्तुगीज किल्ल्याचा पाया पडला. १५७० सालीं मुर्तजा निजामशहानें घातलेला वेढा पुढील वर्षीं तहानें उठला. १५९४ सालीं खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगरी किल्ला फिरंग्यांच्या हातीं गेला. १७३९ सालीं वसई पडल्यावर पुढील वर्षींच्या तहानें चौल मराठ्यांकडे आलें. या घटना कागदांतून ठाऊक होतात. द कुन्हा यांचें वैशिष्ट्य हें कीं, कुतु, बार्रुश, कोर्रेय यांच्यासारख्या बखरकारांचे ग्रंथ वाचून ते थांबले नाहींत. त्या मजकुराचा मेळ त्यांनीं समोर पडलेल्या भिंतींशीं घातला, आणि त्या भिंती त्या वेळीं जशा दिसल्या तशा ग्रंथांत उतरविल्या. सतरा छायाचित्रें, नऊ शिळाछाप पट व एक नकाशा येवढी सामग्री १८७६ सालच्या मुंबईंतील इतिहासग्रंथांत असणें ही लहान गोष्ट नव्हे. १८८३ सालीं सरकारनें कुलाबा जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध केलें, त्यांतील चौलच्या वर्णनास या ग्रंथाचा मोठा आधार आहे.

आतां दगड वाचणें म्हणजे काय, तें उदाहरणांनीं सांगितलें पाहिजे. नाहीं तर आमचें म्हणणें हवेंत राहील.

प्रथम त्या मुलाचे ठिपके. पोर्तुगालच्या राजचिन्हांत पांच निळ्या ढाली फुलीच्या आकारांत मांडलेल्या असतात, व प्रत्येक ढालीवर पांच पांढरे ठिपके. सभोंवार तांबड्या पट्टींत किल्ल्यांच्या आकृति. दगडांत रंग राहत नाहीं, म्हणून ढाली पाकळ्यांसारख्या भासतात. या पांच ढालींची कथा अशी सांगतात कीं, ११३९ सालीं औरीकच्या रणांत आफोंसु हेन्रीक यानें पांच मूर राजांस जिंकलें, त्याची ही खूण. आणि ठिपक्यांचा संबंध ख्रिस्ताच्या पांच जखमांशीं जोडतात. ही कथा बरीच मागाहून रचली गेली, असें विद्वान् मानतात. आपल्याकडे देऊळ आधीं उभें राहतें व स्थलमाहात्म्य मागाहून लिहिलें जातें, तसाच हा प्रकार. परंतु चिन्हाचा उपयोग कथेपुरता नाहीं. ढालीवरील मुकुट वरून उघडा आहे कीं कमानींनीं मिटलेला आहे, हें पाहावें. सेबाश्तियांव राजाच्या काळापासून (१५५७–१५७८) मिटलेला मुकुट रूढ झाला. तेव्हां लेख झिजून गेला असला तरी मुकुटावरून दगडाच्या काळाचा सुमार बांधतां येतो. तसेंच, १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालवर स्पेनच्या राजांचें राज्य होतें, तरी पोर्तुगीज मुलुखांतील दरवाजांवर पोर्तुगालचेंच चिन्ह राहिलें. म्हणून केवळ चिन्हावरून त्या साठ वर्षांचा राजा ओळखूं जाणारा फसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांत येवढें सारें दडलेलें होतें.

दुसरें उदाहरण छताचें. आपल्या जुन्या देवळांत दोन भिंतींमधील अंतर झांकतांना दगडाचे थर क्रमाक्रमानें आंत ओढीत नेतात, व शेवटीं वर एक शिळा बसवितात. भार सरळ खालीं उतरतो. फिरंगी चर्चच्या गाभाऱ्यावर पाचरीसारखे घडविलेले दगड एकमेकांस रेटून अर्धवर्तुळ साधतात. भार खालीं उतरतो तसाच बाजूंसही जातो. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. कमान मुसलमानी इमारतींतून आपल्याकडे आधींच आलेली होती. पण लांबच लांब नळीसारखें दगडी छत, आणि त्याच्या पोटांत चौकटी पाडून केलेली सजावट, ही युरोपांतील रोमन परंपरेची देणगी. चर्चचा मोठा मंडप मात्र बहुधा लांकडी आढ्यांवर कौलें घालून झांकलेला असे. वस्ती उठल्यावर लांकूड कुजलें, कौलें गेलीं, मंडप आभाळाखालीं आला. आणि दगडी छताचा गाभारा त्यामानानें अधिक काळ तगला. रेवदंड्याच्या वाड्यांत एखादी उंच भिंत एकटी उभी दिसते, तिचें कारण हें. लोक म्हणतात, मराठ्यांनीं तोडलें. कांहीं तोडलेंही असेल. पण पुष्कळ काम पावसानें केलें आहे.

तिसरें उदाहरण सातखणीचें. वाडींतून वर डोकावणारा तो चौकोनी मनोरा फ्रान्सिस्कन पंथाच्या, संत बार्बराच्या नांवें असलेल्या मठाचा. नांवांत सात खण असले तरी ते सारे आज शिल्लक नाहींत. खण जसजसे वर जातात तसतसा मनोऱ्याचा घेर आवळत जातो. घंटेसाठीं बांधलेला मनोरा समुद्रावरून येणाऱ्या गलबतांस खुणेचाही होई. रेवदंड्यास याशिवाय दोमिनिकन, जेसुइट व ऑगस्टिनी पंथांचीं स्थानें होतीं. मुख्य चर्च व मिझेरिकोर्दिया ही धर्मदाय संस्थाही होती. यांपैकीं कोणती भिंत कोणत्या पंथाची, हें जागेवर सांगणें सोपें नाहीं. १६३५ सालीं आंतोनियु बोकार्रु यानें पोर्तुगीज किल्ल्यांचें जें वर्णन नकाशांसह सिद्ध केलें, तशा साधनांशीं भिंती ताडून पाहिल्या म्हणजे मग गोष्टी जुळूं लागतात. यांत १५७१ हें वर्ष नेहमीं ध्यानांत ठेवावें लागतें. कारण वेढ्यांत मठांची व घरांची मोठी हानि झाली होती, आणि बखरींत आधींच्या काळीं उल्लेखिलेली इमारत व आज दिसणारी भिंत एकच असेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

द कुन्हा यांची ही दृष्टि इमारतींपुरती नव्हती. ब्रागांझाची राजकन्या कातारिना हिच्या दुसऱ्या चार्ल्सशीं झालेल्या विवाहावर, आणि तिचीं पदकें व तसबिरी यांवर त्यांनीं शाखेपुढें निबंध सादर केला. १६६१ सालच्या विवाहाच्या तहांत मुंबई बेट आंदण दिलें गेलें, हें शाळकरी मुलासही पाठ असतें. १६६२ सालीं लग्न झालें आणि १६६५ सालीं बेटाचा ताबा इंग्रजांस मिळाला. परंतु त्या राजकन्येचा चेहरा कसा होता व तो कोणीं कसा घडविला, हा प्रश्न आपल्या इतिहासाचा आहे असें मुंबईंतल्या किती जणांस वाटलें असेल? तिच्याबरोबर पोर्तुगालहून आलेल्या डर्क स्टूप या डच चित्रकारानें रंगविलेलें तिचें रूप आणि पुढें इंग्लंडच्या दरबारी चितारी पीटर लेली याचें काम, यांत अंतर आहे. एकांत पोर्तुगालची वेशभूषा, दुसऱ्यांत इंग्रज दरबाराची रीत. तसबिरींत चितारी खुशामत करूं शकतो. पदकावर मात्र मुद्रेबरोबर नांव, किताब, पुष्कळदां सालही येतें. म्हणून इतिहासास पदक हा तसबिरीचा ताळा होय. नाण्यांच्या अभ्यासानें ज्याची नजर तयार झाली, त्यासच हें सुचावें.

आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास मात्र त्यांचें दुसरें एक काम अधिक जवळचें वाटतें. एका ख्रिस्ती डॉक्टरानें ठिकठिकाणांहून हस्तलिखितें मिळवून सह्याद्रिखंड छापावें, ही गोष्ट तेव्हांही कित्येकांस विचित्र वाटली असेल. त्या ग्रंथांत ज्ञातींच्या उत्पत्तीसंबंधीं जो मजकूर आहे, त्यानें कोंकणांत पुष्कळ मनें दुखावलीं, हें खरें. परंतु ग्रंथ दडविल्यानें त्यांतील दोष नाहींसे होत नाहींत. छापल्यानें ते निदान तपासतां येतात. द कुन्हा यांची आवृत्ति आजच्या पाठचिकित्सेच्या कसास उतरत नाहीं; निरनिराळ्या काळचे थर तींत वेगळे काढलेले नाहींत. तरी पुढील सर्व चर्चा तिच्या पायावरच झाली. आणि हेंही लक्षांत यावें कीं, ज्या वर्षीं त्यांनीं फिरंगी अवशेषांचा ग्रंथ दिला, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं पुराणाचा दिला. त्यांच्या दृष्टीनें दोन्ही एकाच भूमीचीं साधनें होतीं.

त्यांचे दोष सांगितल्याशिवाय हा परिचय पुरा होणार नाहीं. वेढ्याचें वर्णन करतांना ते पोर्तुगीज बखरकारांच्या फार आहारीं जातात. शत्रूची संख्या फुगवून आपलें शौर्य मोठें करणें हा सर्व देशांतील बखरकारांचा स्वभाव, त्यावर त्यांनीं पुरेसा लगाम घातला नाहीं. गतवैभवाबद्दलचा हळहळीचा सूर कोठें कोठें निर्णयाच्या आड येतो. निजामशाहीची व मराठ्यांची बाजू सांगणारे कागद त्यांच्या ग्रंथांत थोडे. हा उणेपणा बराचसा काळाचा होय. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं निघालें, आणि गोव्याच्या दप्तरांतून दोन्ही बाजूंचा मेळ घालण्याचें काम पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या हातून झालें. त्यांचा पोर्तुगेज-मराठे संबंधांवरील मराठी ग्रंथ १९६७ सालचा. म्हणजे द कुन्हा यांच्यानंतर जवळजवळ एक शतकानें. पहिला नांगर ज्यानें घातला, त्याच्याकडून पिकाचा हिशेब मागणें न्याय्य नव्हे.

आतां हें सारें आज सांगण्याचें प्रयोजन काय? कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें, तें योग्यच झालें. पण त्या नांवाच्या अभिमानांत किनाऱ्यावरील इतर थरांचा विसर पडूं नये. कुंडलिकेच्या मुखाशीं, कोर्लई गांवांत, पोर्तुगीजांपासून निघालेली एक बोली आजही घरांतून बोलली जाते, आणि तींत मराठीचें पाणी मुरलेलें आहे. वसईच्या मोहिमेनंतर देशावर गेलेल्या फिरंगी घंटा आपल्या देवस्थानांत टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बालयेशू यांची आकृति व १७०७ हें साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१. भाविकांनीं त्या आपल्याशा करून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. रेवदंड्याच्या दगडांस कोणीं आपलेंसें केलें नाहीं. पिंपळाचें मूळ सांध्यांत शिरतें, चुना सुटतो, लेखाचीं अक्षरें झिजतात. वाडीच्या गडग्यास दगड हवा असला म्हणजे पडका मठ जवळच असतो. १८७६ सालचीं छायाचित्रें हातांत घेऊन जागेवर गेलें म्हणजे काय उरलें व काय गेलें, याचा झाडा आपोआप मिळतो. ग्रंथ नसता तर गेलेलें गेलें, हेंही कळलें नसतें.

म्हणून आमची वाचकांस, विशेषतः या किनाऱ्यावरील शिक्षकांस, विनंती येवढीच आहे. आपल्या गांवांतील कोरीव दगड, मग तो शिलाहारांचा असो, निजामशाहीचा असो वा फिरंग्यांचा, त्याचें माप घ्यावें, छायाचित्र घ्यावें, कोणत्या भिंतींत व कोणत्या बाजूस आहे तें लिहून ठेवावें, आणि त्याची एक प्रत संशोधन संस्थेकडे पाठवावी. अक्षरें खडूनें वा रंगानें भरूं नयेत; त्यानें लेख बिघडतो. वाचतां आला नाहीं तरी चालेल. वाचणारा पुढें केव्हां तरी भेटतो. आणि मुलांना तेथें न्यावें. त्यांपैकीं एखाद्यानें ठिपक्यांबद्दल विचारलें आणि उत्तर ठाऊक नसलें, तर ठाऊक नाहीं असें सांगावें. आम्ही तें सांगितलें नाहीं, याची रुखरुख आम्हांस अजून आहे.